अजून पाच घरं राहिली

गेल्या गणपतीत, पाचव्या दिवशी रात्री, आमच्या सोसायटीच्या विविध गुणदर्शनात दुसऱ्या मजल्यावरचे काका स्टेजवर आले आणि त्यांनी तोंडाने कुकरच्या शिट्ट्या काढायला सुरुवात केली. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, पायात नव्या चपला. माइक आधी गायलेल्या मुलीच्या उंचीचा होता, तो वर करायला कुणी आलं नाही, म्हणून काका वाकूनच उभे राहिले. म्हणाले, "आपल्या बिल्डिंगमधल्या शिट्ट्या. कुणाची ते ओळखायचं." आणि ओठ मुडपून त्यांनी पहिली काढली. आधी बराच वेळ नुसतीच सूं सूं, मग शिट्टी उचलली जाण्याआधीची ती थरथर, मग एकदम फुटलेला आवाज आणि शेवटी पाणी उडाल्यासारखी फुरफुर. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "तीनशे दोन!" आणि खरंच ती 302चीच होती. रोज सकाळी पावणेनऊला जिन्यात ऐकू येते तीच. दुसरी शिट्टी दमलेली होती, गास्केट सैल झालेल्या कुकरची, जी पूर्ण होतच नाही आणि वाफ कडेने निसटत राहते. तिसरीत घाई होती. आमच्या विंगेत बारा घरं. सात झाली तेव्हा पावणेदहा वाजले होते, दहाला स्पीकर बंद करायचा असतो, आणि लहान मुलांचा नाच राहिला होता. निवेदन करणारी मुलगी पुढे आली, "थँक यू काका, जोरदार टाळ्या होऊन जाऊ दे!" म्हणाली, माइक बंद झाला, गाणं सुरू झालं. काका थांबले नाहीत. चमचमत्या कपड्यांतली पोरं त्यांच्या दोन्ही बाजूंनी येऊन ओळीत उभी राहिली, दिवे निळे झाले, आणि त्या सगळ्याच्या मधोमध काका वाकून, बंद माइकमध्ये, आठव्या घराची शिट्टी काढत राहिले.

सगळे हसले. मीही हसले. हसता हसता मोबाइलवर वीस-पंचवीस सेकंदांचा व्हिडिओ काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. पाठोपाठ डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. रात्री सव्वाअकराला काकांचा मेसेज आला. आधी जोडलेले हात, आणि खाली एक ओळ.

"अजून पाच घरं राहिली."

त्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. आठवं घर त्यांनी हिशेबात धरलंच नव्हतं, कारण ते कुणाला ऐकू गेलं नव्हतं. मी व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो बघून झाला होता, पुढेही गेला होता. नंतर कित्येक दिवस कुठल्याही स्वयंपाकघरातून शिट्टी आली की माझ्या पोटात काहीतरी हलायचं. कुणाची असेल, सातातली की पाचातली, असा विचार मनात यायचा. आमचं घर त्या पाचात होतं. आमची शिट्टी कशी वाजते ते मला नीट माहीतच नाही, हे तेव्हा लक्षात आलं. आपण कुकर लावतो, शिट्ट्या मोजतो, गॅस बंद करतो. ऐकत कुठे असतो?

आणि याच दिवसांत मला सारखा तो काठीवाला माणूस आठवू लागला.

2008 साली मी नोकरीसाठी लंडनला होते. शहराच्या आग्नेयेला न्यू क्रॉस नावाचा भाग आहे, तिथे एका जुन्या घरात वरच्या मजल्यावर मला खोली मिळाली होती. खिडकीची चौकट ओलाव्याने फुगलेली, खाली रात्रभर जाणाऱ्या लाल बसगाड्या आणि समोरच्या चिकनच्या दुकानाचा तळणीचा वास. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा माणूस इंग्लंडच्या ईशान्येकडचा, मिडल्सब्रोचा होता. त्याचं इंग्रजी मला पहिले दोन महिने कळलंच नाही. मी न्यू क्रॉसला राहते म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी त्याने एक डीव्हीडी आणून माझ्या टेबलावर ठेवली. 'व्हिक रीव्ह्ज बिग नाइट आउट'. चॅनल फोरवर 1990 आणि 1991 साली लागलेला कार्यक्रम. तो म्हणाला, तुला यातलं काही कळणार नाही, आमच्याकडेही अर्ध्या लोकांना कळलं नव्हतं, पण हे तुझ्या रस्त्यावर जन्मलंय.

त्या रात्री पांघरुणावर लॅपटॉप ठेवून मी तो लावला. पडदा, रंगमंच, समोर आरडाओरडा करणारी माणसं. सूट घातलेला, केस चापून बसवलेला एक माणूस, हाच व्हिक, गात गात येतो, स्वतःची ओळख देशातला सर्वांत मोठा मनोरंजनकार अशी करून देतो आणि एका टेबलामागे बसतो. शेजारी पांढरा कोट घातलेला, टक्कल पडलेला त्याचा मदतनीस लेस. लेस कधीच बोलत नाही. गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल पाहिली की त्याला आनंदाचं भरतं येतं, आणि चाइव्ह्ज, म्हणजे कांद्याच्या पातीसारखी ती बारीक पात, दिसली की तो भीतीने कापतो. असं का, ते कुणी सांगत नाही. मग एकेक जण येतो. वेव्ही डेव्ही नावाचा माणूस येऊन हात हलवतो. बस, हात हलवतो, तेवढंच त्याचं कसब. एक न्यायाधीश येऊन चाक फिरवून शिक्षा ठरवतो. आणि डोक्यावरून कागदाचं शिरस्त्राण ओढून घेतलेला, तोंड न दिसणारा काठीवाला माणूस येतो. शिरस्त्राणावर चित्रं काढलेली आणि काठीच्या टोकाला काहीतरी बांधलेलं. सगळे प्रेक्षक एका सुरात विचारत राहतात, काठीच्या टोकाला काय आहे, व्हिक? काय आहे? तो त्याच्या टेरी नावाच्या मित्राचं काहीतरी सांगत राहतो. शेवटी टोकाला जे निघतं त्याला काही अर्थ नसतो, आणि लोक जागेवरून उठून ओरडतात.

मला शब्द निम्मे कळले. ज्या जुन्या गायकांचे, जाहिरातींचे, मालिकांचे संदर्भ होते ते तर अजिबातच कळले नाहीत. तरी त्या ओल्या खोलीत मी एकटी उठून बसले, कारण एक गोष्ट मला पहिल्या दहा मिनिटांत कळली होती. हे तर आमचं विविध गुणदर्शन आहे.

तिकडे याला व्हरायटी म्हणतात. एकामागून एक, एकमेकांशी काही संबंध नसलेले प्रयोग. एक गाणारा, एक जादूगार, एक बोलक्या बाहुल्यावाला, एक बशा फिरवणारा, आणि त्यांना धाग्यात ओवणारा सूत्रसंचालक. प्रत्येक प्रयोगाला 'टर्न' म्हणतात, म्हणजे पाळी, पाणी भरायला नंबर लागावा तशी. हा शब्द मला फार आवडतो. त्यात गुणवत्ता येत नाही, फक्त हक्क येतो. आता तुमची पाळी, या. कापड गिरण्यांच्या, कोळशाच्या, जहाजबांधणीच्या गावांत कामगारांचे क्लब असायचे, तिथे शनिवारी रात्री या पाळ्या लागायच्या. टीव्ही आल्यावर हे सगळं तिथे गेलं. 1955 पासून लंडन पॅलेडियम थिएटरातून रविवारी रात्री कार्यक्रम दिसू लागला. त्याच्या शेवटी सगळे कलाकार फिरत्या रंगमंचावर उभे राहून घरी बसलेल्या लोकांकडे बघून हात हलवायचे. ते चित्रण मी नंतर पाहिलं तेव्हा मला वेव्ही डेव्ही आठवला. बाकी सगळं गळून जावं आणि निरोपाचा तेवढा हात उरावा, असं काहीतरी त्याच्यात होतं.

आमच्याकडे या पाळ्या माझे बाबा लावायचे. डोंबिवलीत, ऐंशीच्या दशकात, आमच्या चाळीसमोरच्या पटांगणात गणपतीचा मांडव असायचा. आठवडाभर आधीपासून बाबांच्या शर्टाच्या खिशात चिठ्ठ्या जमायच्या. कुणी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, कुणी बसच्या तिकिटावर, नाव आणि काय करणार ते लिहून द्यायचं. बाबा त्या चिठ्ठ्या वाचायचे नाहीत. म्हणजे निवड म्हणून वाचायचे नाहीत. आल्या त्या क्रमाने सुतळीत ओवायचे. एकदा आईने विचारलं, अहो, हा काय करणार आहे ते बघून तरी घ्या. बाबा म्हणाले, चिठ्ठी आली की माणूस स्टेजवर गेला पाहिजे, मला काय करायचंय. त्यामुळे आमच्या स्टेजवर मी काय काय पाहिलं! डोक्यावर भरलेला तांब्या ठेवून नऊवारी नेसणाऱ्या एक आजी. एका दमात वर्षाचे सगळे सण तिथीसकट सांगणारा वाणी. पेटीवर एकच गाणं येणारे आणि दर वर्षी तेच वाजवणारे मास्तर, ज्यांचं ते गाणं सुरू झालं की आम्ही पोरं त्यांच्या चुकासुद्धा गुणगुणायचो. आणि रेल्वेतले एक बापट मामा होते, बापट हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते स्लो गाडीचा आवाज काढत कसाऱ्यापासून स्टेशनं म्हणायचे.

एका वर्षी मामांच्या पाळीला वीज गेली. कसारा, खर्डी, आटगाव, आसनगाव, वाशिंद, खडवली, टिटवाळा, आंबिवली, शहाड, कल्याण, ठाकुर्ली, आणि ठाकुर्ली म्हणताच मांडव अंधारात गेला, माइक मेला. क्षणभर सगळे गप्प. मग अंधारातून मामांची गाडी पुन्हा हलल्याचा आवाज आला, आधी हळू, मग लय धरलेला. "डोंबिवली!" म्हणून सगळी चाळ ओरडली. त्यानंतर कुणी ओरडलं नाही. दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे. लोक अंधारात बसून ऐकत होते. मुंब्र्याच्या बोगद्यात मामांनी आवाज बदलला होता, गाडी आत शिरल्यावर होतो तसा घुमणारा. घाटकोपर, कुर्ला, दादर. उदबत्तीचं टोक तेवढं लाल दिसत होतं आणि शेजारच्या मुलीचा घामेजलेला हात माझ्या हाताला चिकटला होता. मस्जिद, व्हीटी. गाडी थांबल्याचा लांबलचक उसासा मामांनी सोडला आणि मग टाळ्या. वीज नंतर पंधरा मिनिटांनी आली. त्या रात्री मांडवात बसलेल्यांपैकी ज्यांच्याशी अजून बोलणं होतं, त्यांना सगळ्यांना तो बोगदा आठवतो.

तर, लंडनच्या खोलीत मी काठीवाला माणूस पाहत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर बापट मामा होते.

पुढे मी व्हिक आणि त्या काठीवाल्याबद्दल मिळेल ते वाचलं. व्हिक रीव्ह्ज हे स्टेजवरचं नाव, माणसाचं खरं नाव जिम मोइर, लीड्सचा जन्म, वाढला डार्लिंग्टनला. चित्रं काढणारा. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात त्याने न्यू क्रॉसमधल्या गोल्डस्मिथ्स टॅव्हर्न या पबात एक प्रयोग सुरू केला. मी रोज त्या पबावरून बस पकडायला जायचे. बाहेर सिगरेट ओढणारे विद्यार्थी, आतून बिअरचा आंबूस वास, दारापाशी ओला पुठ्ठा. तेव्हा लंडनमध्ये नव्या विनोदाचा जोर होता, एकटा माणूस माइक धरून थॅचरबाईंवर, रोजच्या जगण्यावर बोलतोय, त्यात राग आहे, हुशारी आहे. जुनी व्हरायटी म्हातारी आणि मागासलेली मानली जात होती, आणि त्यातलं बरंच काही खरोखर तसं होतंही. बायकांवरचे, काळ्या माणसांवरचे विनोद मेले ते बरंच झालं. पण त्या लाटेबरोबर तो तांब्यावाल्या आजींचा भाग, कशालाही उपयोगी नसलेलं कसब चारचौघांत करून दाखवण्याचा भाग, तोही वाहून चालला होता. मोइरने तोच नेमका उचलला.

आणि एका रात्री त्या पबात बॉब मॉर्टिमर आला, पुढे काठीवाला झाला तो. मिडल्सब्रोचा, माझ्या सहकाऱ्याच्या गावचा. पेकममध्ये वकिली करायचा, पालिकेच्या घरांतल्या भाडेकरूंची प्रकरणं लढवायचा. झुरळांनी भरलेल्या घरांच्या खटल्यांवरून स्थानिक वर्तमानपत्राने त्याला झुरळांचा राजा म्हटलं होतं. सात वर्षांचा असताना वडील मोटार अपघातात गेलेला, टोकाचा बुजरा मुलगा. त्याने स्टेजवर पाहिलं ते असं, की ब्रायन फेरी या गायकाचा मुखवटा घातलेला एक माणूस पायांना लाकडी फळ्या बांधून टॅप डान्स करायचा प्रयत्न करतोय. मॉर्टिमर पुन्हा पुन्हा जाऊ लागला आणि हळूहळू प्रेक्षकांतून स्टेजवर सरकला. दिवसा वकिली, रात्री डोक्यावर कागद. मला नेहमी वाटतं, बुजऱ्या माणसाला यापेक्षा चांगली जागा मिळाली नसती. तोंड झाकलेलं, हातात काठी, आणि समोर शंभरजण तुमची काठी कशाची आहे ते मनापासून विचारतायत.

पबातली गर्दी वाढली तसा प्रयोग जवळच्या डेप्टफर्डमधल्या ऑल्बनी थिएटरात गेला आणि तिथून टीव्हीवर. 1991मध्ये व्हिक रीव्ह्जने द वंडर स्टफ या बँडबरोबर गायलेलं 'डिझी' हे गाणं तिकडच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. पुढची कीर्ती, पुढचे कार्यक्रम मी पाहिले, पण त्यांत माझं मन फारसं रमलं नाही. तिथे पाहुणे मोठे होते. मला या पहिल्यातली माणसं हवी होती.

या कार्यक्रमाबद्दल जे लिहिलं जातं त्यात हमखास विडंबन हा शब्द येतो. व्हरायटीचं विडंबन, टॅलेंट स्पर्धांचं विडंबन. माझं या शब्दाशी जमत नाही. विडंबनात कुणीतरी लहान व्हावं लागतं. इथे नक्की कोण लहान होतं? 'नॉव्हेल्टी आयलंड' नावाचा एक भाग आहे, त्यात लोक येऊन आपापली अजब कसबं दाखवतात. ग्रॅहॅम लिस्टर नावाचा एक इसम, म्हणजे मॉर्टिमरच, तिथे पुन्हा पुन्हा येतो. दर वेळी हरतो. व्हिकला तो डोळ्यांसमोर नको असतो, त्याचा अपमान करतो, आणि पुढच्या वेळी लिस्टर नवं काहीतरी घेऊन हजर. पहिल्यांदा पाहताना मी लिस्टरला हसले होते. तिसऱ्यांदा पाहताना मला टेबलामागे बसलेला व्हिक दिसू लागला. दुसऱ्याला पाळी देणारा आणि ती हिसकावून घेणारा. आयोजक. तो स्वतः बेसूर गातो, त्याला स्वतःला काही येत नाही, तरी घड्याळ त्याच्या हातात आहे. कार्यक्रमाने हसं केलं असेल तर ते या टेबलाचं, आणि जो येतो आणि येत राहतो त्याला कार्यक्रमाने शेवटपर्यंत जपलं.

गेल्या गणपतीत मी त्या टेबलामागे होते. माइक मी बंद केला नाही, पण व्हिडिओ मी काढला.

हसण्याबद्दल एक गोष्ट मला त्या काळात फार छळायची. टॉमी कूपर नावाचे एक मोठे कलाकार होते, लाल तुर्की टोपी घालणारे, प्रचंड देहाचे, ज्यांची जादू नेहमी फसायची आणि ती फसण्यातच त्यांचं सगळं कौशल्य असायचं. खरे जादूगार, पण आयुष्यभर चुकणाऱ्या माणसाचं काम केलं. 15 एप्रिल 1984 रोजी लंडनच्या हर मॅजेस्टीज थिएटरात, थेट प्रक्षेपण चालू असताना, प्रयोगाच्या मध्यात ते पडद्याला टेकून खाली बसले. हृदयविकाराचा झटका होता. प्रेक्षकांना तो प्रयोगाचाच भाग वाटला आणि ते हसत राहिले. लाखो लोक घरी बसून बघत होते. मी ते चित्रण मुद्दाम पाहिलेलं नाही, पाहणार नाही. पण त्या हसणाऱ्यांचा विचार मी बरेचदा करते. त्यांची चूक नव्हती. ज्या माणसाने त्यांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं की माझी चूक म्हणजे तुमचा आनंद, त्याच्यावर विश्वास ठेवून ते हसले. काकांनी मात्र आम्हाला असं काही शिकवलं नव्हतं. त्यांनी कोडं घातलं होतं आणि पहिल्या सात घरांना लोक खरोखर उत्तर देत होते. 105ची शिट्टी आली तेव्हा तिथल्या वहिनींनी लाजून तोंडावर पदर घेतला होता. हसणं आधीही होतं. मग गाणं लागलं आणि तेच हसणं दुसरं काहीतरी झालं. कुठल्या क्षणी झालं तो मला पकडता येत नाही. मी व्हिडिओ पुन्हा पाहू शकत नाही, पण पाहिला असता तरी त्यात तो क्षण नसणार, कारण मी मोबाइल बाहेर काढला तोवर तो होऊन गेला होता.

त्या कार्यक्रमात सगळंच मला आवडतं असं नाही. न्यायाधीशाचं चाक आणि त्याचा आरडाओरडा मला आजही कंटाळवाणा वाटतो. एका बैठकीत दोन भागांपेक्षा जास्त पाहिले तर डोकं भणभणतं. प्रेक्षकांत ओळखीची टोळी बसल्यासारखं वाटतं, त्यांना सगळं आधीच ठाऊक आहे आणि आपण उशिरा आलोय. परक्या शहरात एकटी राहणारी बाई म्हणून ते मला तेव्हा बोचायचंही. पण मग काठीवाला यायचा, सगळे एका सुरात विचारायचे, आणि मीही खोलीत, हळू आवाजात, शेजारच्या भाडेकरूला ऐकू जाणार नाही अशा बेताने, विचारायचे. काय आहे टोकाला? उत्तरात काही नसतं हे माहीत असताना इतक्या लोकांनी मिळून ते विचारावं, याचं मला अजूनही नवल वाटतं. टोकाला काय आहे यापेक्षा 'तू काय आणलंस ते आम्हाला दाखव' एवढंच त्यात असावं.

मी 2011मध्ये परत आले. त्या पबाचंही पुढे नाव बदललं. 2015च्या ऑक्टोबरात मॉर्टिमरच्या हृदयावर तिहेरी बायपास झाली, त्याच दिवशी सकाळी त्याने आपल्या अनेक वर्षांच्या जोडीदारणीशी लग्न केलं आणि मग शस्त्रक्रियेला गेला. 2017च्या डिसेंबरात बीबीसीवर ते दोघे पुन्हा 'बिग नाइट आउट' घेऊन आले. सव्वीसएक वर्षांनी. मी डोंबिवलीत, रात्री स्वयंपाकघराचा ओटा पुसून झाल्यावर, त्यातले तुकडे मोबाइलवर पाहिले. दोघंही साठीला टेकलेले. हालचाली जड झालेल्या, चेहऱ्यांवर सुरकुत्या, आणि तरी तोच खुळा आवेश, एखादी गोष्ट जगाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे अशा चेहऱ्याने करण्याचा. तरुणपणी तो आवेश बंडखोरीसारखा दिसला होता. आता तो काकांच्या इस्त्रीच्या शर्टासारखा दिसला. मोइर हल्ली पक्ष्यांची चित्रं काढतो. मॉर्टिमर एका मित्राबरोबर नदीकाठी मासे धरत बसतो, त्याचाही कार्यक्रम झालाय आणि तो अनेक वर्षं चाललाय.

दिवाळीनंतर एका रविवारी मी काकांकडे गेले. हातात चिवड्याचा डबा होता, पण खरं तर माफी मागायची होती. काकू भाजी निवडत बसल्या होत्या. मी कसंबसं बोलले, व्हिडिओचं. काका म्हणाले, "अगं, ते जाऊ दे. छान आला होता व्हिडिओ, पण माझं डोकं कापलं गेलंय त्यात." मग मी म्हटलं, काका, राहिलेली पाच घरं मला ऐकवा ना. त्यांनी मान हलवली.

"इथे नाही होत गं."

मला वाटलं, दुखावलेत. पण तसं नव्हतं. ते समजावून सांगू लागले, इतक्या गंभीरपणे की काकूंनी भाजी बाजूला ठेवली. समोर ती माणसं बसलेली असावी लागतात ज्यांची शिट्टी आहे. ती काढत असताना त्या घरातल्या कुणाचं तरी तोंड दिसावं लागतं. 401च्या कुकरची शिट्टी आधी दोनदा खोटी उठते आणि तिसऱ्यांदा खरी, पण ती खोटी कुठे थांबवायची ते त्यांच्या सूनबाईंच्या चेहऱ्यावरून कळतं. खोलीत बसून काढली तर नुसता आवाज होतो. गेलं वर्षभर ते रोज सकाळी जिन्यात उभे राहून ऐकत होते. लोकांना वाटायचं, पेपरची वाट बघतायत. "आणि तुमची," काका म्हणाले, "तुमची फार अवघड आहे. तुम्ही शिट्टी व्हायच्या आत गॅस बारीक करता. ती अर्धी राहते." मी म्हटलं, हो, करते खरी. आई तसं करायची म्हणून करते.

यंदाची वही परवा फिरली. गणपतीला अजून महिना आहे, पण समितीने आधीच नावं मागवलीयत, रकाने आखलेत. नाव, घर क्रमांक, कार्यक्रम, लागणारा वेळ. वही आमच्याकडे आली तेव्हा मी ती घेऊन खाली दुसऱ्या मजल्यावर गेले आणि काकांना विचारून त्यांचं नाव लिहिलं. कार्यक्रमाच्या रकान्यात काय लिहू म्हटलं तर म्हणाले, शिट्ट्या लिही. वेळेच्या रकान्यापाशी मी थांबले. काकांनी डोळे मिटले आणि बोटांवर मोजू लागले, ओठ न उघडता, एकेका घरापाशी जरा थबकत. तळमजल्यापासून. 203ला त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. 401ला दोनदा अंगठा उचलून खाली ठेवला. आत काकूंनी डाळ लावली होती, तिची शिट्टी झाली तेव्हा ते मोजायचे थांबले, ती संपेपर्यंत थांबले, आणि मग पुढे निघाले.

"चौदा मिनिटं लिही," ते म्हणाले. "आणि त्या मुलीला सांग, माइक जरा वर करून ठेव म्हणावं."